पडक्या घरातली सिंफनी

२००९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या सेंट ॲन गावी एका जोडप्याने ओसाड पडलेल्या घराची दुरुस्ती काढली. छपराला भगदाड पडलेले होते. तरीही एका कोरड्या भागात स्वरलिपीच्या हस्तलिखितांचे ढीग शाबूत होते. त्यांवर नाव होते फ्लोरेन्स प्राइस. ते घर एके काळी त्यांचे उन्हाळी निवासस्थान होते.

प्राइस यांचा जन्म १८८७ चा, आर्कान्सातील लिटल रॉक येथील कृष्णवर्णीय कुटुंबातला. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत त्या ऑर्गन आणि पियानो शिकल्या. हा ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकांतली पायपेटी नव्हे, तर चर्चमधले नळ्यांचे अवाढव्य वाद्य. पुढे त्यांनी दक्षिणेत अध्यापन केले. तिथल्या वांशिक हिंसाचारामुळे १९२७ मध्ये कुटुंब शिकागोला आले. घटस्फोटानंतर दोन मुलींची जबाबदारी त्यांच्यावर आली. मूकपटांना ऑर्गनची साथ करून, शिकवण्या घेऊन त्यांनी संसार चालवला. पियानो शिकणाऱ्या मुलांसाठी सोप्या रचनाही लिहिल्या.

१९३२ मध्ये त्यांच्या ई मायनर सिंफनीला वानामेकर स्पर्धेचे पहिले पारितोषिक मिळाले. १५ जून १९३३ रोजी फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदाने सादर करण्याचा हा पहिला प्रसंग.

मग विस्मरण का झाले? आपली बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते. सिंफनीचे तसे नाही. प्रत्येक वादकापुढे त्याच्या भागाचा कागद लागतो. छापील प्रत नसेल तर पुढचा संचालक ती हाती घेत नाही. प्राइस यांच्या मोठ्या रचना बहुतांशी अप्रकाशित राहिल्या. १९४३ मध्ये त्यांनी बोस्टनचे संचालक सर्ज कुसेव्हिट्स्की यांना पत्र लिहिले. आपले स्त्री असणे आणि आपला वंश हे दोन्ही अडसर आहेत, हे त्यांनी त्यात स्पष्ट मांडले. कुसेव्हिट्स्कींनी त्यांची एकही रचना सादर केली नाही. १९५३ मध्ये प्राइस वारल्या.

सेंट ॲनच्या ढिगात दोन व्हायोलिन कॉन्चेर्तो आणि चौथी सिंफनी होती. ते कागद आर्कान्सा विद्यापीठात पोहोचले. २०१८ मध्ये शर्मर या प्रकाशनसंस्थेने त्यांच्या संगीताचे हक्क घेतले आणि वाद्यवृंद ते वाजवू लागले.

काळ गुणवत्तेला न्याय देतो, असे आपण सहज म्हणतो. इथे न्याय दिला तो कागद रद्दीत न टाकणाऱ्या दोन माणसांनी. आपल्या माळ्यावरच्या ट्रंका उघडताना एवढे ध्यानात ठेवावे.