भीती होती, तरी गाडीत बसली : केडगावच्या रमाबाई आणि अकोल्याच्या फुलरबाई

अकोल्या-बडनेऱ्याहून मनमाड-दौंड मार्गे पुण्याला जाताना दौंड सुटलं की थोड्या वेळानं केडगाव स्टेशन मागे पडतं. आपल्यातले कित्येक जण तेव्हा डबा उघडून बसलेले असतात, नाहीतर झोपेत. त्याच गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन आहे. आज त्यांच्याविषयी लिहितो, आणि सोबत आपल्या अकोल्याच्या एका विसरलेल्या बाईविषयी.

रमाबाईंची विद्वत्ता, संस्कृतवरचं प्रभुत्व, शारदा सदन हे शाळेत शिकवतात. त्या किती वेळा घाबरण्यासारख्या जागी उभ्या होत्या, ते कोणी सांगत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यासोबत इकडचा समाज तुटला. तिकडचे धर्मगुरूही खूश नव्हते, कारण ही बाई प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारायची. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, इथपर्यंत तिचा वाद गेला. म्हणजे दोन्ही घरची पाहुणी, एकाही घरची लेक नाही!

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून केसरीनं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडलं. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे : शिकवायला म्हणून लेक पाठवली आणि तिचा धर्म बदलला तर, ही आईबापाची भीती खोटी नव्हती. पण त्या विधवेला दुसरं दार कोणतं उघडं होतं, हा रमाबाईंचा प्रश्नही खोटा नव्हता.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं रस्त्याच्या कडेला मरत होती. रमाबाईंसाठी ही फक्त पेपरातली बातमी नव्हती. त्यांच्या लहानपणी, १८७४ च्या सुमारास, दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबानं झाडाचा पाला खाऊन दिवस काढले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. आई, वडील, मोठी बहीण एकामागून एक गेले. ज्यानं ही भूक पाहिली, त्याला ती परत डोळ्यांनी पाहायला जाणं सोपं नसतं. पैशाचीही पंचाईत होती. अमेरिकेतल्या मंडळींनी शारदा सदनाला दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं आणि ती मुदत संपत आली होती. अजून शेकडो तोंडं कशी पोसायची?

तरी बाई गाडीत बसल्या. तिथल्या सरकारी अनाथगृहांत त्यांनी जे पाहिलं ते उपासमारीपेक्षा भयंकर होतं. एकट्या पडलेल्या पोरींवर टपलेली माणसं! त्यांनी त्या दुष्काळातून सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. तोवर पुण्यात प्लेग शिरला होता. अधिकाऱ्यांनी सदनात जास्त मुली ठेवायला मनाई केली. तेव्हा केडगावच्या मोकळ्या जमिनीवर त्यांचा संसार मांडला. हीच मुक्ती सदनाची सुरुवात. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

आता सगळ्यात धाडसाची गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. १८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या पत्राला पत्र लिहिलं. आपल्या आश्रमातल्या एका मुलीचं प्लेगच्या सरकारी इस्पितळात काय झालं आणि तिथे बायका किती असुरक्षित आहेत, हे त्यात लिहिलं. काळ कोणता, ते लक्षात घ्या. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. प्लेगच्या अत्याचारांबद्दल इंग्लंडमध्ये बोललेल्या गोखल्यांना परत येऊन जाहीर माफी मागावी लागली. अशा वेळी, जिच्या आश्रमाचं बरंवाईट सरकारच्या मर्जीवर होतं, ती बाई सरकारचं नाव घेऊन लिहिते. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. बाईंनी शब्द मागे घेतले नाहीत. राज्यकर्त्यांचा धर्म आणि आपला धर्म एकच आहे, म्हणून गप्प बसावं, असं त्यांना वाटलं नाही. उलट तोच धर्म सांगतो म्हणून बोललं पाहिजे, असं त्या मानत.

आता आपल्या अकोल्याकडे या. १८८० च्या दशकापासून जेनी फुलर नावाची अमेरिकन बाई नवऱ्यासोबत इथे मिशनचं काम करत होती. अकोला, अमरावती, खामगावकडे ज्याला लोक अलायन्स मिशन म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या माणसांपैकी ती एक. 'द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड' हे तिचं पुस्तक १९०० साली निघालं. बालविवाह, सक्तीचं वैधव्य, मुरळ्या, रखमाबाईंचा खटला, सगळं त्यात आलं. त्याला प्रस्तावना कोणाची? पंडिता रमाबाईंची. तिची नजर परकी होती, मिशनरी होती. काही ठिकाणी वाचताना आपल्याला टोचेल, राग येईल. टोचू द्या. परक्या बाईनं लिहिलं म्हणून विधवेचं दुःख खोटं ठरत नाही.

त्याच वर्षी वऱ्हाडात मोठा दुष्काळ होता. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणतो आपण. पण कापूस काही शिजवून खाता येत नाही. शेतात पांढरं सोनं लावलं तरी ज्वारी विकतच घ्यावी लागते, आणि भाव चढले की पहिल्यांदा उपाशी राहतो तो मजूर आणि एकटी बाई. त्याच १९०० साली फुलरबाई वारल्या.

हे सगळं आज का लिहितोय? ख्रिस्ती झाल्याशिवाय धाडस येत नाही, असं अजिबात म्हणायचं नाही. सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच १८९७ च्या मार्चमध्ये गेल्या. मुद्दा इतकाच की, श्रद्धा कोणतीही असो, तिची परीक्षा देवळात किंवा चर्चमध्ये होत नाही. आपण ज्यांच्यावर अवलंबून आहोत त्यांच्यासमोर खरं बोलायची वेळ येते, तेव्हा होते. भीती गेली की मग करू, असं म्हणणाऱ्याचं काम कधीच होत नाही. रमाबाईंची भीती गेली नव्हती. ती सोबत घेऊनच त्या गेल्या.

आपल्या जिल्ह्यांत कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या बायका गावोगावी आहेत. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. मागोमाग सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहनही केलं. तुमच्या गावच्या ग्रामसभेत हा विषय आला होता का? नसेल आला, तर पुढच्या सभेत कोणीतरी उठून तो मांडावा लागेल. उठताना पाय लटपटतील, भाऊबंद डोळे वटारतील. तरी उठा.