भांडाराची पत: टूकाउज आणि आपण

वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आपण लेखक, ग्रंथ, नियतकालिके आणि क्वचित मुद्रणालये यांची नोंद घेतो. मजकूर वाचण्यासाठी लागणारी साधने वाचकाला कोणी पुरवली, हा प्रश्न सहसा विचारत नाही. छापील ग्रंथाच्या बाबतीत हे खपून जाते. संगणकावरच्या मराठीच्या बाबतीत खपणार नाही. कारण युनिकोड रुळण्यापूर्वी जालावरचा पुष्कळसा मराठी मजकूर विशिष्ट टंक उतरवून घेतल्याशिवाय वाचताच येत नसे. म्हणून सॉफ्टवेअर उतरवून देणाऱ्या संकेतस्थळांचा इतिहास हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही.

रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय 1828 पासूनचे. अशा संस्थेची पत कशावर उभी असते? ग्रंथ फुकट किंवा अल्प वर्गणीत मिळतो, यावर नव्हे. लेखकाने लिहिला आणि प्रकाशकाने छापला तोच ग्रंथ हाती येतो, वाटेत कोणी त्यात आपली पाने शिवलेली नसतात, या विश्वासावर ती उभी असते. सॉफ्टवेअरची मोफत भांडारे याच अर्थाने वाचनालये होती; आणि त्यांपैकी एका प्रसिद्ध भांडाराचा जन्म खरोखरच वाचनालयाच्या आश्रयाने झाला.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे सार्वजनिक वाचनालयात काम करणाऱ्या स्कॉट स्वेडॉर्स्की यांनी 1993 मध्ये 'टूकाउज' सुरू केले. 'द अल्टिमेट कलेक्शन ऑफ विन्सॉक सॉफ्टवेअर' या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून हा शब्द तयार झाला. विन्सॉक म्हणजे त्या काळच्या विंडोजला इंटरनेटशी जोडणारा दुवा. आद्याक्षरांचा उच्चार 'दोन गायी' असा होत असल्याने दोन गायी हेच बोधचिन्ह ठरले आणि सॉफ्टवेअरची प्रतवारीही गायींत होऊ लागली. पाच गायी मिळणे हा लेखकांना मिरवण्यासारखा मान होता.

या भांडाराने केलेले काम ग्रंथपालाचेच होते: निवड, वर्गीकरण, अभिप्राय. त्याला चौथ्या कामाची जोड मिळाली, ती म्हणजे सान्निध्याची. एकाच संग्रहाच्या प्रती जगभरच्या इंटरनेट सेवादारांकडे ठेवलेल्या असत, म्हणजे वाचकाने जवळच्या प्रतीतून फाईल घ्यावी. भारतात विदेश संचार निगमची सार्वजनिक इंटरनेट सेवा 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. पुढे दूरध्वनीवरून 56 किलोबिटची जोडणी मिळाली, तरी 5 मेगाबाइटची फाईल उतरायला उत्तम परिस्थितीतही 12 मिनिटे लागत. मध्येच जोडणी तुटली तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात. इतक्या कष्टाने मिळणारी वस्तू खात्रीची असणे ही चैन नव्हती, गरज होती.

पुढे हा विश्वासच विक्रीची वस्तू झाला. त्याची रीत साधी होती. मूळ लेखकाच्या सॉफ्टवेअरभोवती भांडार आपले एक वेष्टण घाली. ते उघडताना एखादी चौकट आधीच खूण करून ठेवलेली असे. वाचक 'पुढे, पुढे' करत गेला की न मागितलेली साधनपट्टी किंवा जाहिरातींचे सॉफ्टवेअर संगणकात शिरे, आणि तसे शिरवल्याबद्दल भांडाराला पैसे मिळत. दोष मात्र वाचकाच्या मनात मूळ लेखकाच्या नावावर जमा होई. 2011 च्या डिसेंबरात 'एनमॅप' या साधनाचे कर्ते गॉर्डन लायन यांनी डाउनलोड डॉट कॉमविरुद्ध हीच तक्रार जाहीरपणे केली. मुक्त सॉफ्टवेअरचे माहेर समजल्या जाणाऱ्या सोर्सफोर्जने 2013 मध्ये लेखकांना उत्पन्नात वाटा देऊन अशी वेष्टणे सुरू केली. त्याच वर्षी 'गिंप' या चित्रसंपादकाचे विंडोजसाठीचे वितरण तेथून बाहेर पडले. 2015 मध्ये त्यांच्या मागे राहिलेल्या पानाचा ताबा घेऊन तेथे वेष्टणयुक्त प्रत ठेवल्याचे उघड झाले, तेव्हा गदारोळ उठला. 2016 मध्ये मालकी बदलल्यावर ती योजना बंद झाली, पण गेलेली पत मालकाबरोबर बदलत नाही.

टूकाउजही या मोहापासून अलिप्त राहिले नव्हते. वेगळेपण एवढेच की 2016 मध्ये त्याने साधनपट्ट्या आणि फसव्या जाहिराती काढून टाकून भांडार जवळजवळ लोकसेवा म्हणून चालवायचे ठरवले. तोवर कंपनीचा मुख्य व्यवसाय संकेतस्थळांच्या नावांची नोंदणी हा झाला होता, त्यामुळे हा त्याग तिला परवडणारा होता. जानेवारी 2021 मध्ये भांडार बंद झाले आणि जुना संग्रह 'इंटरनेट अर्काइव्ह'कडे राहिला. भांडाराचा शेवट अभिलेखागारात झाला, हे त्याच्या जन्माला शोभण्यासारखेच झाले.

यात आपला संबंध कोठे येतो? रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात (1924 ते 1937) सावरकरांनी लिपिशुद्धीचा जो पुरस्कार केला, त्यामागे मुद्रणाची सोय हे एक मोठे कारण होते. यंत्रासाठी अक्षरांनी बदलावे, असा तो विचार. संगणकयुगात अक्षरांचे बाह्य रूप टिकले, पण आतली सांकेतिक मांडणी टंकागणिक वेगळी झाली. श्रीलिपी, आकृती, शिवाजी: ज्या टंकात लेख लिहिला तो टंक नसेल तर मराठी वाक्याच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. मोडी वाचता न येणाऱ्यापुढे जुने दफ्तर उघडावे, तशी ही स्थिती होती.

केंद्र सरकारने 2005 पासून भारतीय भाषांतील सॉफ्टवेअरचे मोफत संच तबकड्यांवर आणि संकेतस्थळावरून देण्यास सुरुवात केली. आधी तमिळ व हिंदी, पुढे मराठीसह इतर भाषा. हेतू उत्तम होता, पण त्यांत युनिकोड टंकांबरोबर जुन्या मांडणीचे टंकही होते. म्हणजे दार उघडताना जुने कुलूपही सोबत दिले गेले. मग खाजगी कंपनीचे साधन सोयीचे वाटले. गूगलने 2009 मध्ये आणलेल्या लिप्यंतर-साधनात मराठी होती. विंडोजसाठीचे ते साधन अधिकृतपणे देणे 2018 मध्ये थांबले. त्यानंतर सवय झालेली माणसे त्याच्या जुन्या प्रती अनोळखी भांडारांतून शोधत राहिली. त्या प्रतीला कोणते वेष्टण आहे, हे सांगणारा ग्रंथपाल तेथे कोणी नव्हता.

फुकट सेवेलाही खर्च असतो, मग उत्पन्नाचा मार्ग शोधण्यात गैर काय, असा प्रश्न रास्त आहे. जाहिरात उघडपणे दाखवणे हा व्यवहार आहे. लेखकाच्या नावाखाली परकी वस्तू देणे ही पाठभेदाची लबाडी आहे. संहिताचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. प्रक्षिप्त ओव्या वेगळ्या काढण्यात आपल्या विद्येची हयात गेली आहे.

विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांत त्या काळातले प्रबंध, अंक आणि टिपणे अजूनही फ्लॉपींवर व तबकड्यांवर पडून असतील. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर व्हायला हवे. पण रूपांतरात जोडाक्षरे निसटतात, म्हणून मूळ फाईल टाकून देऊ नये. तिच्याजवळच ती वाचणारा टंक ठेवावा आणि तो कोठून, कधी, कोणत्या आवृत्तीत घेतला, याची एक ओळ लिहून ठेवावी. जी संस्था ही ओळ लिहील, तिच्या संग्रहावर पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक विसंबून राहू शकेल.