सोयरीक रक्तातली

विवाहापूर्वी चर्चमध्ये वधूवरांच्या नावांची घोषणा होते आणि या विवाहास कोणाला काही अडथळा ठाऊक असल्यास त्याने तो धर्मगुरूंस कळवावा, असे सांगितले जाते. बालपणापासून आपण हे शब्द ऐकत आलो आहोत. त्या अडथळ्यांपैकी एक रक्तनात्याचा आहे. तो कशासाठी, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

या नियमाचा इतिहास दीर्घ आहे. पोप पहिले ग्रेगरी यांनी इ. स. ६०१ च्या सुमारास इंग्लंडमधील मिशनरी ऑगस्टीन यांना पाठविले, असे मानले जाणारे एक पत्र बीड या इतिहासकाराच्या ग्रंथात आहे. जवळच्या भावंडांच्या विवाहातून झालेली संतती नीट वाढत नाही, असा अनुभव त्यात नमूद आहे. पुढे ही मनाई सातव्या पिढीच्या नात्यापर्यंत ताणली गेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती चौथ्या पिढीवर आणली आणि १९१७ च्या धर्मकायद्याने तिसऱ्या. १९८३ च्या कायद्यानुसार सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांचा विवाह निषिद्धच आहे; परंतु त्यास बिशपांकडून सूट मिळू शकते.

सूट मिळाली की काळजी मिटली, असे माणसाला वाटते. स्पेनच्या हाब्सबुर्ग राजघराण्यालाही तसेच वाटले. राज्य घराबाहेर जाऊ नये, म्हणून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक घरातच केली. दुसरा फिलिप याने १५७० मध्ये आपल्या भाचीशी विवाह केला. चौथा फिलिप याचा मुलगा १६४६ मध्ये वारला, तेव्हा मुलासाठी ठरविलेली चौदा वर्षांची मारियाना पित्यानेच १६४९ मध्ये वरली. ती त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती. रोमची परवानगी अशा विवाहांना मिळत गेली.

राजवाड्यात मात्र पाळण्यांमागून शवपेट्या निघत राहिल्या. १५२७ ते १६६१ या काळात या घराण्यात जन्मलेल्या ३४ मुलांपैकी १० पहिल्या वाढदिवसापूर्वी आणि एकूण १७ दहा वर्षांच्या आत दगावली. मारियानाच्या पाच अपत्यांपैकी दोनच मोठी झाली. त्यांतला दुसरा चार्ल्स १६६१ मध्ये जन्मला. तो चौथ्या वर्षी बोलू लागला आणि आठव्या वर्षी चालू लागला, असे सांगतात. दोन विवाह होऊनही त्याला मूल झाले नाही. १७०० मध्ये, अडतिसाव्या वर्षी तो निवर्तला आणि त्याच्या सिंहासनासाठी युरोप १७१४ पर्यंत लढला. २००९ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी त्याच्या वंशावळीचे गणित मांडले. सख्ख्या भावाबहिणींच्या संततीत रक्ताची जितकी जवळीक असते, त्याहून किंचित अधिक त्याच्यात होती.

यामागील कारण १९०२ पासून उलगडू लागले. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांना एका दुर्मिळ विकाराच्या अनेक रुग्णांचे आईबाप परस्परांची सख्खी चुलत-मामे भावंडे असल्याचे आढळले. प्रत्येकाच्या शरीरात काही सदोष जनुके सुप्त असतात. तोच दोष आईकडून आणि बापाकडूनही आला, तरच विकार प्रकटतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. भावंडांची एक अष्टमांश जनुके समाईक असल्याने हा योग वाढतो. ब्रॅडफर्ड येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अशा विवाहांत सुमारे ३ वरून ६ टक्क्यांवर गेलेले आढळले. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात. पण धोका दुप्पट होतो, आणि पुढच्या पिढ्यांतही घरातच सोयरीक होत राहिली तर तो साचत जातो.

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानण्याची रीत आहे. मुलगी ओळखीच्या घरी पडते, जमीन घरात राहते, ही त्यामागची माया आम्ही जाणतो. अशा विवाहातून जन्मलेल्या कोणाही लेकराकडे बोट दाखविण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की सुटीसाठी अर्ज करण्यापूर्वी दोन्ही घरांनी आपल्या कुळातील आजार आणि लहानपणीच गेलेली मुले मोकळेपणाने आठवावीत, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, थॅलेसेमियासारख्या विकारासाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी. सूट विवाहाला मिळते. त्या विवाहातून येणाऱ्या बाळाला ती देणे कोणाच्याच हाती नसते.