इनडोअर रोइंग : वजन-समायोजन

रोइंग यंत्रावर (एर्गोमीटरवर) नोंदलेली वेळ शरीराच्या वजनानुसार समायोजित करून निरनिराळ्या वजनांच्या खेळाडूंची तुलना करण्याची रीत. या खेळातील प्रमाण अंतर २,००० मीटर आहे.

पाण्यात जड खेळाडूमुळे नाव अधिक बुडते आणि पाण्याचा अवरोध वाढतो. यंत्रावर शरीराचा भार सरकत्या बैठकीवर असतो आणि पंख्याला होणारा हवेचा विरोध वजनाने बदलत नाही. त्यामुळे धिप्पाड खेळाडूला स्नायूंचा फायदा मिळतो; भाराचा तोटा जवळजवळ होत नाही.

सूत्र : अमेरिकेतील कन्सेप्ट टू या यंत्रनिर्मात्या कंपनीचे सूत्र सर्वाधिक प्रचलित आहे. पौंडांतील वजनाला २७० ने भागून भागाकाराचा ०.२२२ वा घात काढतात व त्या गुणकाने वेळेला गुणतात. स्नायूंचे बळ त्यांच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, तर वजन घनफळावर ठरते. म्हणून शक्ती साधारणपणे वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते, असे मानतात. यंत्राच्या गणितात शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने वेळेसाठी त्या घाताचा तिसरा हिस्सा, म्हणजे ०.२२२, येतो.

उदाहरण : ७५ किलोचा खेळाडू ७ मिनिटांत, तर ९५ किलोचा ६ मिनिटे ३५ सेकंदांत २,००० मीटर पूर्ण करतो. गुणक अनुक्रमे ०.८९७ व ०.९४५ असल्याने समायोजित वेळा सुमारे ६ मि. १७ से. आणि ६ मि. १३ से. येतात. २५ सेकंदांचे अंतर तीन-चार सेकंदांवर येते, तरी जड खेळाडूच पुढे राहतो. दर किलोमागे वॅट मोजल्यास निकाल उलटतो : हलक्याचे ४.०, जड खेळाडूचे ३.८. शक्ती वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नसल्याने हे माप हलक्यांना झुकते माप देते.

वजनगट : स्पर्धांत लाइटवेट गटाची मर्यादा पुरुषांसाठी ७५ व महिलांसाठी ६१.५ किलो असते. ७६ किलोच्या पुरुषाला मात्र शंभर किलोच्या प्रतिस्पर्ध्याशीच लढावे लागते. ही उणीव सूत्र भरून काढते.

मर्यादा : सूत्र चरबी आणि स्नायू यांत भेद करत नाही, उंची, वय व लिंगही विचारात घेत नाही. म्हणून समायोजित वेळ समान वयोगटात आणि मूळ वेळेच्या जोडीनेच वाचावी.