चाळिसाव्या वर्षींचा विद्यार्थी

परदेशीं जाऊन विद्या मिळवावी ती ऐन तारुण्यांतच, असा सर्वसाधारण समज आहे. इंग्लंडच्या राजदरबारांत 'मास्क' नांवाच्या नृत्यनाट्यांचे देखावे उभारणारा इनिगो जोन्स १६१३ सालच्या उन्हाळ्यांत इटलीस गेला, तेव्हां तो चाळिशीचा होता व त्याचा लौकिकही झालेला होता. तरी तो विद्यार्थी म्हणूनच गेला. पालाडिओ या इटालियन शिल्पज्ञाचा ग्रंथ बरोबर घ्यावा, त्यांतील इमारती प्रत्यक्ष पाहाव्या आणि तफावत दिसल्यास समासांत टिपावी, हा त्याचा क्रम. पालाडिओनें १५८० सालीं आरंभिलेलें व्हिचेन्झा येथील नाट्यगृह त्यानें त्याच प्रवासांत पाहिलें. तेथें रंगमंचावरील कमानींमागें अरुंद होत जाणारे लांकडी रस्ते आहेत. थोडक्या जागेंत अवघें नगर भासतें.

जोन्सचे देखावे एकदोन रात्रींचेच. ते केव्हांच विरले. १६४२ सालीं पार्लमेंटनें नाटकगृहेंही बंद केलीं. परंतु टिपणांनीं भरलेला तो ग्रंथ ऑक्सफर्ड येथें आजही जपलेला आहे, आणि त्या अभ्यासाचें फळ असें बँक्वेटिंग हाउस, जें मास्कच्या प्रयोगांसाठींच १६२२ सालीं पुरें झालें, तें लंडनांत उभें आहे. कीर्ति मिळाल्यावरही पुस्तक हातीं धरून हिंडण्याची त्यास लाज वाटली नाहीं. त्याचा प्रवास सार्थकीं लागला तो त्यामुळेंच.