प्रकाशाच्या वाटेवरचे सांधे

दूरसंचाराच्या जाळ्याला दोन कामे करावी लागतात. संदेश एका गावाहून दुसऱ्या गावी वाहून न्यायचा, हे पहिले काम. वाटेत जिथे फाटे फुटतात तिथे तो योग्य फाट्याला लावायचा, हे दुसरे. अभियंते याला स्विचिंग म्हणतात आणि रेल्वेच्या भाषेत तो सांधेवाल्याचा उद्योग होईल. वाहून नेण्याचे काम १९७० नंतरच्या वीस वर्षांत प्रकाशाने तांब्याच्या तारेकडून जवळपास काढून घेतले. सांधे बदलण्याचे काम मात्र अजूनही बहुतांशी विजेच्याच हाती आहे. प्रकाशाला थांबता येत नाही, ही यातली मूळ अडचण. प्रकाशीय जाळ्यांचा इतिहास बराचसा या अडचणीशी झालेल्या झटापटीचा आहे.

स्विचिंगची कला प्रकाशतंतूपेक्षा खूप जुनी. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते १८८२ साली. तेव्हाच्या एक्स्चेंजमध्ये समोरच्या फळीवरच्या भोकांत दोरीची खुंटी बसवून माणूसच दोन तारा जोडत असे. अमेरिकेत कॅन्सस सिटीत प्रेतसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्या ऑल्मन स्ट्रॉजरने हे काम यंत्रावर सोपवले. त्याला १८९१ साली पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी त्याच्या पद्धतीचे स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. माणूस असो की यंत्र, तत्त्व एकच होते : बोलणे चालू असेपर्यंत एक अखंड तांब्याची वाट बोलणाऱ्या दोघांसाठी राखून ठेवायची. याला अवकाशी स्विचिंग म्हणतात.

दुसरा प्रकार कालिक स्विचिंगचा. तो समजून घेतल्याशिवाय प्रकाशाची अडचण कळत नाही. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलेक रीव्ह्ज याने १९३७ साली पॅरिसमध्ये काम करत असताना आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची कल्पना मांडली. सेकंदाला ८,००० वेळा आवाजाची पातळी मोजायची आणि प्रत्येक मोजमाप आठ बिटांत लिहायचे. एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. ही पल्स कोड मॉड्युलेशन पद्धत. तिच्यामुळे एका तारेवर अनेक संभाषणांचे तुकडे पाळीपाळीने पाठवता येऊ लागले. भारतात अशी पहिली जोडणी १९७५ साली मुंबई शहर आणि अंधेरी या एक्स्चेंजांमध्ये झाली.

आवाजाचे असे तुकडे झाल्यावर सांधा बदलायला तारच बदलावी लागते असे नाही. तुकड्याची पाळी बदलली तरी भागते. तिसऱ्या पाळीला आलेला तुकडा सतराव्या पाळीला बाहेर सोडला की तो वेगळ्या माणसाच्या कानी पडतो. टपाल कचेरीत आलेली पत्रे खणांत टाकतात आणि मग वेगळ्या क्रमाने उचलतात, तसाच हा प्रकार. १९७० साली फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात या तत्त्वावरचे एक्स्चेंज चालू झाले. पुढे जगभरची एक्स्चेंजे आणि नंतर इंटरनेटचे राउटर याच मार्गाने गेले. पण इथे खण लागतात, म्हणजे स्मृती लागते. विजेच्या मंडलात स्मृती स्वस्त आहे. प्रकाशासाठी व्यवहारात वापरता येईल असा खण अजून कोणी बनवलेला नाही.

या रीव्ह्जचाच प्रकाशतंतूशीही संबंध आला. इंग्लंडमधल्या हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये प्रकाशीय संदेशवहनाच्या संशोधनाला सुरुवातीला त्याने चालना दिली, आणि तिथेच १९६६ साली चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्या काळच्या काचतंतूत किलोमीटरमागे सुमारे १,००० डेसिबल घट होत असे. व्यवहारात एवढ्या अंतरावर काहीच उरत नसे. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धींचा आहे आणि घट २० डेसिबलपर्यंत आणता आली तर तंतू कामाचा ठरेल, असे काओंचे म्हणणे होते. २० डेसिबल म्हणजे किलोमीटरअखेर शंभरातला एक भाग उरणे. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १९७० साली १७ डेसिबलचा तंतू ओढून दाखवला. त्याच वर्षी साध्या तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेसर लेनिनग्राडमध्ये आणि बेल लॅब्जमध्ये स्वतंत्रपणे तयार झाला. १९७९पर्यंत जपानी संशोधकांनी १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीला घट ०.२ डेसिबलवर आणली. शंभरातला एक भाग उरण्यासाठी आता शंभर किलोमीटर जावे लागत होते.

१९७७ साली अमेरिकेत लाँग बीच आणि शिकागो इथे खरीखुरी टेलिफोन संभाषणे तंतूतून गेली. दोनच वर्षांनी, १९७९ साली, पुण्यात स्थानिक एक्स्चेंजांना जोडणारी भारतातली पहिली प्रकाशतंतू जोडणी सुरू झाली. पुण्यातली असो वा शिकागोतली, या जोडणीत तंतूच्या दोन्ही टोकांना प्रकाशाची वीज होत असे आणि सगळे स्विचिंग विजेतच चाले. तंतू म्हणजे तांब्याच्या जागी आलेली अधिक चांगली तार, इतकीच त्याची तेव्हाची पायरी.

लांबच्या पल्ल्यावर तर वाटेतही वीज आडवी येई. १९८८ साली सुरू झालेल्या टीएटी-८ या अटलांटिकपार पहिल्या प्रकाशतंतू केबलमध्ये साधारण दर पन्नास किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी एक पुनर्जनक बसवलेला होता. थकलेला प्रकाश तो विजेत बदले, त्याची उंची वाढवी, विस्कटलेला आकार सरळ करी, चुकलेली वेळ जुळवी आणि नव्या लेसरने पुढे सोडी. एका वेळी ४०,००० संभाषणे नेणाऱ्या या केबलने तांब्याच्या समुद्री केबलींचे दिवस संपवले. पण पुनर्जनक एका ठरावीक वेगासाठीच घडवलेला असे. वेग वाढवायचा तर समुद्रतळावरचे सगळे पुनर्जनक बदलणे आले, म्हणजे नवी केबलच टाकणे आले. शिवाय एका तंतूत दोन रंगांचे, म्हणजे दोन तरंगलांब्यांचे, प्रकाश सोडले तर प्रत्येक रंगाला वेगळा पुनर्जनक लागे. रंग वाढले की खर्च त्याच पटीत वाढे.

ही कोंडी एर्बियम या दुर्मिळ मृदा धातूने फोडली. १९८७ साली साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देसुर्व्हीर यांनी एर्बियम मिसळलेल्या तंतूचा वर्धक दाखवला. शेजारच्या लेसरने एर्बियमचे आयन उत्तेजित करून ठेवायचे. संदेशाचा क्षीण प्रकाश त्यांतून गेला की ते आपली ऊर्जा त्याच्याच पावलावर पाऊल ठेवून बाहेर टाकतात. प्रकाशच प्रकाशाला बळ देतो, मध्ये वीज येत नाही. वर्धकाला बिटांचा वेग कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. पट्ट्यातले सगळे रंग तो एकदमच वाढवतो. एर्बियमचा कामाचा पट्टा १,५३० ते १,५६५ नॅनोमीटरच्या आसपास पडतो आणि काचेतली घट नेमकी तिथेच सर्वांत कमी असते. हा योगायोग नसता तर पुढचा इतिहास बराच वेगळा घडला असता.

हे स्थित्यंतर मुंबईच्या किनाऱ्यावर जवळजवळ टप्प्याटप्प्याने पाहता येते. १८७० साली एडनहून आलेली तारायंत्राची केबल मुंबईलाच लागली होती. प्रकाशतंतूच्या काळात १९९४ साली सी-मी-वी २ ही केबल आली, ती पुनर्जनकांची. १९९७ साली ब्रिटनपासून जपानपर्यंत जाणारी फ्लॅग आली, ती वर्धकांची. १९९९च्या सुमारास सी-मी-वी ३ आली आणि तिच्या एकेका तंतूत अनेक तरंगलांब्या होत्या. पाच-सहा वर्षांत तीन पिढ्या एका शहरात उतरल्या.

तरंगलांब्यांची ही गर्दी जमिनीवर आधीच सुरू झाली होती. १९९६ साली अमेरिकेत सिएना कंपनीची १६ तरंगलांब्यांची यंत्रणा चालू झाली. प्रत्येक तरंगलांबीवर सेकंदाला २.५ गिगाबिट, म्हणजे एका तंतूवर ४० गिगाबिट. रंगांची सरमिसळ होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९३.१ टेराहर्ट्झ हा मूळ बिंदू धरून १०० गिगाहर्ट्झच्या अंतराने खुंट ठोकले. एकत्र आलेले रंग वेगळे करण्यासाठी डेल्फ्टमध्ये मेइंट स्मिट यांनी १९८८ साली मांडलेली आणि जपानमध्ये व बेल लॅब्जमध्ये पुढे विकसित झालेली तरंगमार्गिकांची जाळी वापरात आली.

इथे स्विचिंगचा तिसरा प्रकार जन्मला. रंग हाच पत्ता झाला. मधल्या गावी उतरायचा नसलेला रंग विजेत न बदलता सरळ पुढे सोडता येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अशा अखंड वाटेला १९९२च्या सुमारास प्रकाशपथ हे नाव रूढ होऊ लागले. सोय झाली, पण नवा पेचही आला. वाटेत रंग बदलणे अवघड, म्हणून संपूर्ण पथावर एकच रंग मोकळा हवा आणि एकाच तंतूतून जाणाऱ्या दोन पथांचा रंग एक नको. नकाशातल्या शेजारच्या प्रदेशांना वेगवेगळे रंग द्यायच्या जुन्या गणिती कोड्याचे हे भावंड. त्यावर शोधनिबंधांचा डोंगर उभा राहिला. त्यातले किती प्रत्यक्ष जाळ्यांच्या उपयोगी पडले, हा प्रश्न वेगळा.

रंगाची वाट हवी तशी बदलायला चल सांधा हवा. १९९९च्या अखेरीस ल्युसेंट कंपनीने टाचणीच्या डोक्याएवढ्या कलत्या आरशांचा लॅम्डाराउटर जाहीर केला. २५६ तंतू आत, २५६ बाहेर आणि मध्ये फक्त आरसे. आरसा वेग पाहत नाही, बिट मोजत नाही, त्यामुळे एकदा बसवला की कायमचा, असे सांगितले जाई. मार्च २००० मध्ये नॉर्टेलने आरशांचेच स्विच बनवणारी झ्रॉस ही छोटी कंपनी ३२५ कोटी डॉलरांना घेण्याचा सौदा केला. एजिलंटने तर इंकजेट छपाईयंत्रातल्या बुडबुड्यांनी प्रकाश वळवण्याचे तंत्र मांडले. बाजारात जो तो सर्व-प्रकाशीय जाळ्याची भाषा बोलत होता. मग २००१ साली दूरसंचाराचा फुगा फुटला. जमिनीत पुरलेल्या तंतूंतले कितीतरी कधी उजळलेच नव्हते. नवे सांधे घेणार कोण? ल्युसेंट आणि नॉर्टेल दोघांनीही आपापले आरशांचे स्विच गुंडाळले. तंत्र फसले नव्हते, गिऱ्हाईक नव्हते.

याच काळात प्रयोगशाळांत आणखी मोठे धाडस चालू होते : इंटरनेटचे एकेक पॅकेट, म्हणजे पत्ता लावलेला माहितीचा तुकडा, प्रकाशातच वळवायचे. युरोपातल्या कीऑप्स प्रकल्पाने ते करून पाहिले. १९९९ साली चुनमिंग चियाओ आणि म्युंगसिक यू यांनी मधला मार्ग सुचवला, तो म्हणजे पॅकेटांचा मोठा गठ्ठा बांधायचा आणि वाट राखून ठेवण्याचा निरोप त्याच्या पुढे पाठवायचा. पण एका दाराशी दोन गठ्ठे एकदम आले तर एकाला थांबवावे लागणार, आणि प्रकाशाला थांबवण्याचा एकच उपाय होता, त्याला तंतूच्या गुंडाळीत फिरवत ठेवणे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. १० गिगाबिटच्या वेगाने येणारे १,५०० बाइटचे एकच पॅकेट मावायला सुमारे २४० मीटर तंतू लागतो. त्या काळचे राउटर पाव सेकंदाची वाहतूक साठवतील अशा बेताने बांधत. तेवढे साठवायला ५०,००० किलोमीटरची गुंडाळी हवी, म्हणजे पृथ्वीच्या परिघापेक्षाही जास्त. ही कल्पना प्रयोगशाळेबाहेर फारशी आली नाही, याचे मुख्य कारण याच हिशेबात आहे.

वीज परत आली ती अनपेक्षित दिशेने. वर्धकांमुळे प्रकाश हजारो किलोमीटर न थांबता जाऊ लागला, पण त्याचबरोबर पुनर्जनकाची डागडुजीही गेली. सगळ्यात मोठा त्रास अपस्करणाचा. काचेत वेगवेगळ्या तरंगलांब्या थोड्या वेगवेगळ्या वेगाने जातात, आणि संदेशाचा प्रकाश कधीच एका तरंगलांबीचा नसतो. १० गिगाबिटचा एक बिट १०० पिकोसेकंदांचा असतो. साध्या तंतूत १,००० किलोमीटर गेल्यावर तो सोळा-सतरा बिटांच्या जागेत पसरतो. वेग चौपट केला की त्रास सोळापट. उलट अपस्करणाच्या तंतूची वेटोळी ठिकठिकाणी बसवून हा हिशेब जुळवत, पण पथ बदलला की हिशेबही बदले. म्हणजे सांधे हलवायचे स्वातंत्र्य कागदावरच राही.

उपाय सापडला तो १९८०च्या दशकात गाजून एर्बियमच्या आगमनाने अडगळीत पडलेल्या सुसंगत ग्रहणपद्धतीत. येणारा प्रकाश ग्राहकातल्या लेसरच्या प्रकाशात मिसळला की त्याची तीव्रता, कला आणि ध्रुवण ही तिन्ही हाती लागतात. ती आकड्यांत मांडली की वाटेत झालेला विस्कोट गणिताने उलटा फिरवता येतो. हे गणित संदेशाच्या वेगाने करणारी चिप २००८ साली नॉर्टेलने ४० गिगाबिटच्या यंत्रणेत आणली. डिसेंबर २००९ मध्ये पॅरिस ते फ्रँकफर्ट या मार्गावर व्हेरायझनने नॉर्टेलच्याच सामग्रीवर १०० गिगाबिटची सेवा सुरू केली. तोवर नॉर्टेल दिवाळखोरीत गेली होती आणि तिचा प्रकाशीय विभाग २०१० साली सिएनाकडे गेला. वाटेवरची वेटोळी अनावश्यक झाली आणि प्रकाशपथ खरोखरच बदलता येण्याजोगा झाला. मधली वाट विजेपासून मोकळी राहिली ती दोन्ही टोकांना वीज आणखी हुशार झाली म्हणून.

सांधेही तोवर गाजावाजा न करता तयार झाले होते. तरंगलांबीनिहाय वळवणारे स्विच शहराशहरांच्या नाक्यांवर बसले. त्यांतल्या एका प्रमुख प्रकारात सिलिकॉनवर द्रवस्फटिकाचा थर असतो आणि प्रत्येक रंग हव्या त्या तंतूत परावर्तित होतो. पूर्वी तंत्रज्ञाने नाक्यावर जाऊन जोडून द्यायची वाट आता नियंत्रणकक्षातून बदलता येते. २०१२ साली आंतरराष्ट्रीय संघाने जुन्या खुंटांच्या जोडीला १२.५ गिगाहर्ट्झच्या पटीत मोजलेल्या लवचिक पट्ट्यांना मान्यता दिली, आणि रुंद संदेशाला रुंद, अरुंदाला अरुंद जागा देता येऊ लागली.

आरशांचेही पुनरागमन झाले, मात्र टेलिफोन कंपन्यांच्या जाळ्यात नव्हे. गूगलने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार तिच्या डेटा सेंटरांत १३६ आवक आणि १३६ जावक तोंडांचे कलत्या आरशांचे स्विच वापरले जातात. यंत्रशिक्षणासाठी हजारो चिपा एकमेकींना जोडतानाही तेच आरसे लागतात. तिथे एकदा लावलेली जोडणी दीर्घकाळ तशीच राहते, त्यामुळे आरसा कलायला लागणारे काही मिलिसेकंद कोणाला जाणवत नाहीत. त्या जोडणीतून धावणाऱ्या पॅकेटाला एवढा वेळ परवडत नाही. त्याचा पत्ता आजही सिलिकॉनच्या चिपेत, विजेच्या स्मृतीत थांबवूनच वाचला जातो.