वेबसाइटवरून कन्फर्मेशन ईमेल जात नाहीये? हे तपासा

समजा, बिडकीनच्या एखाद्या दुकानाची वर्डप्रेस साइट आहे. ग्राहकाचे पैसे कटले, पण मेल आला नाही, की त्याला फसवणूकच वाटते. अशा वेळी मी या क्रमाने तपासतो:

१. स्पॅम फोल्डर बघा.

२. सेटिंग्ज > जनरलमध्ये अ‍ॅडमिनचा ईमेल बघा. नवा पत्ता टाकला असेल, तर त्यावर आलेल्या लिंकवर क्लिक करेपर्यंत जुनाच चालू राहतो.

३. पाठवणाऱ्याचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा ठेवा. जीमेलचा पत्ता दुसऱ्या सर्व्हरवरून आला, की बनावट समजला जाऊ शकतो.

४. एसएमटीपी प्लगइन टाका, पोर्ट ५८७ ठेवा आणि टेस्ट मेल पाठवा.

५. टेस्ट मेल 'सेंट' दाखवूनही पोहोचला नाही, तर डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम बघा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलला यातलं किमान एक लागतंच.